नमुन्याची सही

याव फ्रिम्पोंग पहिल्यांदा बँकेतल्या माझ्या खिडकीशी आला, तो केसांत हरमॅटन वाऱ्याची धूळ घेऊन. त्याला खातं उघडायचं होतं. अर्जावर बोट ठेवून म्हणाला, "मॅडम, हे स्पेसिमेन म्हणजे काय?"

"नमुन्याची सही," मी मान वर न करताच म्हटलं. "आज जशी कराल, तशीच कायम करायची. आम्ही ताडून बघतो. जुळली नाही, तर पैसे मिळत नाहीत."

"आणि पुढच्या वेळी जास्तच सुंदर आली तर?"

तेव्हा मी वर पाहिलं... आणि तो पाहतच राहिला. सही मात्र करून झाली होती, ठसठशीत, एका दमात.

मग तो दर शुक्रवारी यायचा. थोडे पैसे भरायचा, खूप बोलायचा. आमच्या घानातल्या कुमासी शहरात सरदारांच्या चपला तो शिवायचा. एकदा मी दुपारच्या जेवणाला केंके, म्हणजे मक्याचे आंबवलेले उंडे, घ्यायला बाहेर पडले, तर माझ्या पावलांकडे बघून म्हणाला, "अडतीस नंबर!" अगदी बरोबर होता. मला शुक्रवार आवडायला लागला, खोटं कशाला बोलू?

एका दुपारी तो धापा टाकतच आला. केजेतिया बाजारात त्याला गाळा मिळत होता. चारच्या आत पैसे दिले नाहीत, तर मालक तो दुसऱ्याला देणार होता. साडेतीन वाजले होते.

पैसे काढायच्या चिठ्ठीवर त्याने सही केली. जुळेना. दुसरी केली – तीही वाकडी. तिसरीचं शेपूट तर कागदाबाहेर!

"अहो, नीट करा ना!"

"करतोय... तुम्ही बघू नका."

"बघावंच लागतं. सही माझ्यासमोर व्हायला हवी."

"मग गेला माझा गाळा," तो कसनुसा हसला.

माझा जीव तुटत होता. नाही म्हणावं तर त्याचं दुकान जातं, डोळेझाक करावी तर माझी नोकरी. शेवटी मी आमच्या हेड कॅशियर आंटी कोनाडूंना हाक मारली. त्यांच्यासमोर यावने सही केली – हुबेहूब!

"झकास आहे की," आंटी म्हणाल्या. "मग हिच्यासमोर काय भूत दिसतं का रे तुला?"

"भूत नाही, आंटी... ही दिसते. ही बघायला लागली की हात ऐकत नाही."

रांगेतल्या बायका खो खो हसल्या. मला तोंड कुठे लपवू असं झालं. आंटींनी पैसे त्याच्या हातात कोंबले. "आधी पळ! प्रेम नंतर कर."

दुसऱ्या दिवशी बँक उघडते न उघडते तोच तो हजर.

"गाळा?" मी विचारलं.

"मिळाला. आज बँकेचं काम नाही. तुमचं घर कुठं, ते सांगा. मामांना दार ठोठावायला पाठवतो."

आमच्याकडे मुलाचा मामा दार ठोठावायला येतो, म्हणजे लग्नाची मागणीच ती. मला नाही म्हणायचंच नव्हतं.

"बांतामा, चर्चच्या मागे, निळं दार," मी म्हटलं. "आणि मामांना म्हणावं, जोरात ठोठावा. बाबांना कमी ऐकू येतं."

"त्यांना ऐकूच गेलं नाही तर?"

"तर काय... मी दाराशीच उभी असेन."