चंद्रहाड

"हळद लावून लावून माझी बोटं पिवली झाली, पन यांच्या मनगटाची सूज काय उतरत नाय," बाकावर माझ्या कानाशी चांगुणा पुटपुटली. "आनी त्या पयल्या दवाखान्यात सांगतात, मुरगळलाय, शेकवा."

तिचा नवरा अनंता बेलवलीचा, अंबरनाथ एमआयडीसीत लेथ मशीनवर कामाला. आठ दिवसांपूर्वी सायकलवरून तळहातावर पडला होता. बोटांना मुंग्या, साधा पेला धरवेना. कॅम्प चार या सिंधी वस्तीतल्या आमच्या दवाखान्यात मी एक्स-रे काढला. मनगटातल्या आठ हाडांपैकी चंद्रकोरीसारखं एक तळव्याकडे निसटलं होतं. असं फार क्वचित येतं. माझ्या आठवणीत दोन वर्षांत तीन. मी दहावी नापास, पण हेमचंद्र डॉक्टरांच्या फिल्म धुता धुता ती आठ हाडं मला पाढ्यासारखी पाठ झालीत.

"आज बसलं तर बसलं," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर या बोटांचा भरवसा नाही."

"मंग लेथ?" चांगुणाने विचारलं.

डॉक्टर इंजेक्शन भरू लागले.

एकोणनव्वदचा मार्च. बाहेर सिंधी शेजारणीचे पापड वाळत होते, पलीकडे शिलाई मशिनी घरघरत होत्या. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. आम्ही अनंताची बोटं कापडी फासांत अडकवून हात खुंटीला टांगला, दंडाला वजन लावलं. दहा मिनिटांत स्नायू ढिले पडतात, मग डॉक्टर अंगठ्याने हाड आत ढकलतात. निदान पेशंटला आम्ही तसं सांगतो.

डॉक्टर कोपऱ्यातल्या बेसिनवर हात धुवायला गेले. असं मनगट आलं की त्यांना हात धुवायला फार वेळ लागतो. मी अनंताचं कोपर धरून उभी होते.

सातव्या मिनिटाला मनगटाची कातडी दबली. मळलेल्या कणकेत कुणी अंगठा रुतवावा, तशी.

मी घड्याळाकडे बघितलं. मागच्या तिन्ही वेळीही मी तिकडेच बघत होते.

टक्.

"डॉक्टर, तुमचा हात लय गरम हाय," अनंता डोळे मिटून म्हणाला.

बेसिनचा नळ चालूच होता.

"बसलं," डॉक्टर तिकडूनच, पाठमोरे. "पद्मजाताई, फिल्म घ्या."

अनंताने बोटं हलवली. एकेक करून सगळी. चांगुणाने माझ्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "बाय, तुजी पोरं सुखी ऱ्हावोत!" मला पोरं नाहीत, पण बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी आम्ही सगळेच खूश होतो.

मी त्याचा हात प्लेटवर एकटा ठेवला, पडद्याआड गेले, बटण दाबलं. मागच्या तिन्ही वेळच्या या दुसऱ्या फिल्म डॉक्टरांनी न बघताच पाकिटात घातल्या होत्या. मीही बघितल्या नव्हत्या. आज चांगुणा आडवी आली.

"मना बगायचाय. आठ दिस रडलेय मी."

मी ओली फिल्म खिडकीशी धरली. पाणी ठिबकत होतं. चंद्रहाड अगदी जागेवर. मी मोजली. आठ.

आणि त्यांच्यावर आडवी, आणखी दोन. अंगठ्याची. बारीक.

"हा कोनाचा अंगठा?" चांगुणाने विचारलं.

"अजून सोडला नाय," अनंता मनगटाकडे बघत म्हणाला. "ऱ्हाऊ दे. बरा वाटतंय."

डॉक्टरांनी नळ बंद केला.

"ताई," ते म्हणाले, "या चारांतलं एकही हाड मी बसवलेलं नाही."