गरज शून्य

रत्नागिरीच्या अवयव-मुद्रण केंद्रात ऋजुता पेडणेकरकडे एकच जबाबदारी होती. कुठल्याही रुग्णाची जैवशाई संपू द्यायची नाही.

जैवशाई म्हणजे रुग्णाच्याच पेशी वाढवून केलेला दाट, तपकिरी द्रव. त्यातून मुद्रक यकृताचे पातळ थर छापायचा आणि शल्यविशारद ते पोटात बसवायचे. ज्याची शाई त्यालाच चाले, आणि नवी कार्ट्रिज वाढायला महिना लागे. म्हणून शाई तांबड्या रेघेला टेकायच्या आतच अंदाजक यंत्रणा आपणहून मागणी धाडायची.

त्या सकाळी एक कार्ट्रिज रेघेच्या खाली गेलेली होती आणि मागणी गेलीच नव्हती. कार्ट्रिज निनादची होती, तिच्या नवऱ्याची.

तिने यंत्रणा सांभाळणाऱ्या अर्शद मुकादमला बोलावलं. "अर्शदभाई, सेन्सर बिघडलाय का बघा."

अर्शदने तपासलं, पुन्हा तपासलं. "सेन्सर ठीक आहे, ताई. यंत्रणा नुसती उरलेली शाई मोजत नाही. पुढे किती लागेल तेही बघते. पुढची गरज उरलेल्या शाईत भागत असेल, तर ती मागवत नाही."

"निनादची गरज किती दाखवतेय?"

"शून्य."

"शून्य कधी येतं?"

"माणूस पूर्ण बरा होणार असेल तेव्हा. किंवा..."

निनादचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. ऋजुताला त्या 'किंवा'च्या पुढचं ऐकायची गरज नव्हती. आपल्याला रडू यायला हवं, असं तिला वाटलं, आलं नाही.

"शाई मागवलीच नाही, तर तो जाणारच," ती म्हणाली. "म्हणजे यंत्रणा खरी ठरणारच. हाताने मागणी टाकता येते ना?"

"येते."

तिने टाकली. मग महिनाभर ती कामावर आली, घरी गेली, भात शिजवला, वॉर्डात निनादला चार घास भरवले. कुणी विचारलं की "ठीक आहे" म्हणायची, आणि आतून खरोखरच काही हलत नव्हतं.

कार्ट्रिज आली, काठोकाठ भरलेली. दुपारी ती निनादच्या खाटेशी जाऊन बसली.

"तुझी शाई आली. यंत्रणेला वाटलं होतं तू जाणार. मी हाताने मागवली."

निनादने मान हलवली. "तिला तसं काही वाटलं नव्हतं, ऋजू. मागच्या शस्त्रक्रियेनंतर मी डॉक्टरांना सांगितलं, आता पुरे. त्यांनी पुढच्या तारखा काढून टाकल्या. तारखाच नाहीत, तर शाई कशाला लागेल?"

"मला का नाही सांगितलंस?"

"माझी प्रत्येक कार्ट्रिज तू स्वतः जपायचीस. तुला कुठल्या तोंडाने सांगू, की नको म्हणून?"

"फार दुखतं?"

"शुद्धीवर आलो की पहिला विचार येतो, आता पुन्हा."

तिने त्याच्या अंगावरची चादर नीट केली. "एकदाच अजून," असं म्हणायला तिने तोंड उघडलं, पण म्हणाली, "घरी जायचं?"

"चल."

ती त्याला घरी घेऊन गेली. पावसाळा सरता सरता निनाद गेला, झोपेतच.

ऋजुता कामावर परतली तेव्हा अर्शद तिच्याआधी येऊन बसला होता. "ताई, हे मीच बंद करू शकलो असतो," तो म्हणाला, "पण तुम्हाला विचारल्याशिवाय हात लावला नाही." त्याने पडदा तिच्याकडे वळवला.

रुग्ण: निनाद पेडणेकर. गरज: शून्य. शाई: पूर्ण. पेशी: जिवंत.

खाली यंत्रणेने विचारलं होतं, पेशींचं पोषण चालू ठेवायचं का?

ऊबपेटीच्या काचेमागे कार्ट्रिज होती. ऋजुताने काचेवर तळहात ठेवला. काच कोमट होती, निनादच्या अंगाइतकीच.

"कुणाच्या उपयोगाची नाही ही," ती म्हणाली.

"नाही," अर्शद म्हणाला.

तिने 'हो' दाबलं, आणि रडायला लागली.