टच म्हणजे काय?

“टच... टच्ड... टचिंग...”

ओढ्याकाठी दगडावर बसलेला एक तरुण पाण्याशीच बोलत होता. डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन आलेली जिवली थबकली. चांगला जोडे-टोपीवाला माणूस, याला वारं लागलं की काय!

“कोणाला हाका मारता?”

तो दचकून उठला, नि त्याचा एक जोडा पाण्यात. जिवली खळखळून हसली... आणि लगेच पदर गालावर ओढला. लहानपणी देवी आल्या, त्यांचे वण तिच्या गालांवर राहिले होते.

१९३८ सालचा हिवाळा होता. तो किन्हवलीचा रघू. डोळखांबच्या पाड्यापाड्यांतून पोरांना देवीची लस टोचत हिंडायचा. वरची जागा मिळवायला इंग्रजीची परीक्षा द्यायची होती, म्हणून चालता-बसता शब्द घोकायचा.

“हा टच काय सरळ येत नाय बघ,” भिजला जोडा झटकत तो म्हणाला. “हात लावला तरी टच. मन भरून आलं तरी टच!”

“त्यात काय अवघड? आमच्यात नाय का... हात लागतो, ठेच लागते, कोणाचा बोल लागतो—”

“आणि जीव?”

“तो पण लागतो.”

बोलून गेली, आणि जिवलीचे कान तापले. मोळी सावरत ती झपाझपा चालती झाली.

दुसऱ्या दिवशी रघू तिच्याच पाड्यावर आला. बायांनी पोरं घरांत कोंडली. पाड्यात जिचा शब्द चाले ती गुणाबाई नातवाला छातीशी धरून दारात उभी राहिली. “सुई लावलीस तर देवी कोपल. जा तू!”

रघूने समजावून पाहिलं, हात जोडले. शेवटी मुकाट्याने पेटी मिटू लागला. त्याचा उतरलेला चेहरा जिवलीला बघवेना. ती पुढे आली, आणि तिने सगळ्यांदेखत पदर मागे टाकला.

“बघा गो माझ्याकडं! मला टोचलं नव्हतं. माझ्या भावाला पण नाय. मी वण घेऊन उरले... तो उरला पण नाय.”

गुणाबाई तिच्या गालांकडे बघत राहिली. मग पुढे होऊन तिने नातू जिवलीच्या हातांत दिला. जिवलीने त्याचा दंड धरला, रघूने टोचलं. पोर रडलं, आणि मागून एकेक दार उघडलं.

दुपारी ती त्याच्या हातांवर पाणी ओतत होती.

“आज कळला तो शब्द,” रघू हळूच म्हणाला.

“कशानं? ठेच लागली?”

“जीव लागला, जिवली.”

तांब्या हातातच राहिला. “वण... दिसले ना नीट?”

“दिसले. लपवायचे ते तू पोरांसाठी उघडे केलेस. मी काय नजर फिरवू?”

“...परत कधी येणार?”

“लस उठली का, दंडावर फोड आला का, ते बघायला यावंच लागतं, आठवड्यानं.”

आला तो आईला घेऊन. जिवलीचे वडील देवजी ओशाळले. “अंबूबाई, तुमी आमच्यातल्याच, खोटं कशाला बोलू? पोरीचं तोंड असं... याआधी दोन पाहुणे चहा पिऊन गेले, ते गेलेच.”

“मी चहा प्यायला नाय आले,” अंबूबाई म्हणाल्या. “पोरगा आठवडाभर जेवताना एकटाच हसतो. कोणापायी ते बघायला आले.” त्यांनी जिवलीला जवळ बसवलं. “तुला चालंल का गो हा? रात्रंदिस इंग्रजी बडबडतो.”

जिवलीने रघूकडे पाहिलं. त्याने श्वास रोखला होता.

“चालंल,” ती म्हणाली. “मी पण शिकन.”

देवजींनी डोळे पुसत सुपारी मागवली. अंगणात पोरांचे दंड दाखवायला जमलेल्या बाया हसू लागल्या. रघू मात्र जिवलीकडेच बघत राहिला, ती त्याच्याकडे, आणि काम तसंच खोळंबलं.

शेवटी गुणाबाई ओरडली, “अरे, आधी माझ्या नातवाचा दंड बघ! हिला बघायला जल्म पडलाय!”