दहा पावलं मागे

अंबरनाथच्या शिवमंदिरात, गाभाऱ्यात उतरून, पिंडीवर हात ठेवून सांगतो, यातला शब्दन् शब्द खरा आहे. आता हात पिंडीपर्यंत पोचला नव्हता, कारण त्या दिवशी सोमवार होता आणि रांग पार बाहेर आली होती. पण मनाने ठेवला होता. शिवाय ही हकिगत मला खुद्द महिपतीने सांगितली. म्हणजे मला नाही, तो माझ्याशी बोलत नाही. पण तो दुसऱ्याला सांगत होता तेव्हा मी शेजारच्याच बाकावर होतो, आणि माझे कान शाबूत आहेत. दिवा जरा अलीकडे घ्या, वारा आहे.

महिपती बदलापूर गावातला. केमिकलच्या कारखान्यातून रिटायर झालेला, उंच, झपाझप चालणारा गडी. त्याची बायको कौसाबाई कायम त्याच्या दहा पावलं मागे. बाजारात, लग्नात, देवळात, दवाखान्यात. आमच्याकडची जुनी जोडपी अशीच चालतात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. पुढचा मान न वळवता बोलत राहतो आणि मागची 'हं' म्हणत राहते. 'हं' आला की समजायचं, बायको आहे.

कौसाबाईला मोबाईलवर चीन बघायचा नाद लागला होता. आधी भिंत, मग मातीचे शिपाई, मग काचेचे मनोरे. "अहो, ही गाडी बघा, बिल्डिंगीच्या पोटातून जाते," असं म्हणत ती फोन पुढे करायची. महिपती पेपरातून डोकं न काढता म्हणायचा, "पुढच्या वर्षी." असं करता करता सात वर्षं गेली. शेवटी दोन हजार एकोणीसमध्ये मुलानेच दोघांची नावं उल्हासनगर कॅम्प पाचच्या भूपेशकडे घातली. भूपेश दरसाल एक ग्रुप परदेशी न्यायचा. निघायचं होतं ऑक्टोबरात.

ऑगस्टात दोघं बाजारातून परत येत होती. महिपती पुढे. भेंडी जून निघाली यावर त्याचं चाललं होतं. गल्लीच्या तोंडाशी त्याच्या लक्षात आलं, की बऱ्याच वेळात 'हं' आला नाही. वळून बघितलं तर लांब रस्त्यात माणसांचं कोंडाळं, आणि कोंडाळ्याच्या पायांतून घरंगळत आलेला एक कांदा.

डॉक्टरांनी तिथेच नाडी बघितली, म्हणाले, जीव जाऊन पाऊण तास झाला असेल. बाजार ते गल्ली दहा मिनिटांचा रस्ता आहे. हा हिशोब महिपतीने कधी कुणाला सांगितला नाही. त्यानंतर मात्र त्याला मागे वळून बघणं जमेना. मानेत काही बिघाड नव्हता. वळायची वेळ आली की डोळ्यांपुढे तो कांदा घरंगळायचा.

तरी तो चीनला गेला. मुलाला म्हणाला, "तिची इच्छा होती." वर्षश्राद्धाच्या आत माणूस मौजेला निघाला असं भावकीने म्हणू नये म्हणून भावकीला सांगितलं, काशीला चाललोय. आणि भूपेशला काहीच सांगितलं नाही. विमानतळावर सांगू, असं ठरवलं होतं.

ग्रुपचा व्हिसा म्हणजे एकच कागद. त्यावर सगळ्यांची नावं नंबराने, आणि त्याच नंबराने रांगेत उभं राहायचं. जितके आत गेले तितके एकदम बाहेर आले पाहिजेत. महिपती तेरा, कौसाबाई चौदा. मुंबईच्या विमानतळावर तो तोंड उघडणार तोच भूपेशने बोटाने डोकी मोजली.

"बावीस! फुल आहे साईं, चलो!"

चुकला असेल मोजायला, असं म्हणत महिपतीने शब्द गिळला. पासपोर्ट सगळ्यांचे भूपेशच्याच थैलीत होते.

बीजिंगला काउंटरवर शिक्का पडला, ठक. महिपती पुढे झाला. पाठीमागे लगेच दुसरा, ठक. पंधरा नंबरवाला लवकर आला, असं त्याने स्वतःला समजावलं. वळून मात्र बघितलं नाही.

राजवाड्याची अंगणं दगडी, एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं, संपतच नव्हती. महिपती आपल्या चालीने पुढे. बावीस माणसांच्या बुटांचा आवाज, आणि त्यात कुठेतरी सपातांचा, एक पाय किंचित ओढत... कौसाबाईचा उजवा गुडघा दुखायचा.

कॅम्प पाचच्या शाळेत शिकवणारी जिज्ञासा नावाची बाई ग्रुपात होती. ती धापा टाकत त्याला गाठून म्हणाली, "काका, जरा हळू चाला ना."

"माझे गुडघे ठणठणीत आहेत."

"तुमचे हो," असं म्हणून ती मागे राहिली.

शीआनला ते मातीचे शिपाई. भल्या मोठ्या छताखाली खड्डा, खड्ड्यात हजारोंच्या रांगा, एकाचा चेहरा दुसऱ्यासारखा नाही, आणि सगळे मालकाच्या मागे मेलेले. राजाबरोबर पुरले, गाइड म्हणाला. कठड्याशी उभ्या महिपतीला वास आला. ओल्या मातीचा नव्हे. कापूर घालून कढवलेल्या खोबरेलाचा. ती गुडघ्याला चोळायची तो. वास मानेशी आला, थांबला. कुणीतरी खांद्यावरून खड्ड्यात बघत होतं.

"अगं..." त्याच्या तोंडून निघालं.

मागून आला, हलका, नेहमीचा. "हं."

त्याच्या हाताखालचा कठडा ओला झाला, एवढा घाम फुटला. वळला नाही. वळलं तर कोंडाळं दिसेल, अशी भीती. पण हेही सांगतो, त्या रात्री तो दोन महिन्यांत पहिल्यांदा शांत झोपला. सकाळपासून तर बोलायलाच लागला. हा दरवाजा बघ, तो नगारा बघ, भिंत बघ केवढी रुंद, वरून सायकली चालतात. मागून हं, हं. त्याने मनाशी ठरवलं, चोंगचिंगला, ती बिल्डिंगीतली गाडी आली की वळायचं. माफी मागायची. आणि म्हणायचं, घरी चल, आता शेजारून चल.

चोंगचिंगला भर दुपार होती. सगळी फोन वर करून उभी. डोंगराएवढी इमारत, मधल्या मजल्यांना भोक, आणि गाडी सुळकन आत शिरते. मग भूपेश सगळ्यांना इमारतीतल्या स्टेशनात घेऊन गेला. महिपती फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेला, बोलत बोलत.

"बघितलीस का? पोटातून जाते म्हणायचीस..."

हं आला नाही.

"अगं?"

पायाखाली फलाट थरथरत होता. महिपतीने डोळे मिटले आणि मान वळवली. मग डोळे उघडले.

जिज्ञासा उभी होती. एकटीच. तिच्या मागे गाडीची दारं मिटत होती.

"कुठंय?"

"काकू? त्या चढल्या ना गाडीत. मी म्हटलं, काकांना हाक मारते. नको म्हणाल्या." जिज्ञासाला वाईट वाटलं असावं, आवाज उतरला होता. "म्हणाल्या, त्यांना मागे बघायची सवय नाही. इतक्या दिवसांत तेवढंच काय ते बोलल्या."

गाडी इमारतीतून बाहेर पडली आणि वळणावर दिसेनाशी झाली. महिपती धावला, दहा पावलं धावला. फलाट तिथेच संपत होता.

भूपेश म्हणाला, भाभी पुढच्या स्टेशनवर उतरतील. मग म्हणाला, हॉटेलवर येतील. पहाटे निघायच्या धांदलीत मोजायचं राहिलं, आणि दुसऱ्या दिवशी शांघायच्या विमानतळावर त्याने डोकी मोजली. एकवीस. चष्मा पुसून परत मोजली.

"महिपतभाऊ, भाभी कुठायत? कागदावर बावीस आहेत, मला सोडणार नाहीत हे लोक!"

"ती वारली," महिपती म्हणाला. हे वाक्य त्याने पहिल्यांदा उच्चारलं. "ऑगस्टात."

काकूंचे फोटो दाखवायला काढलेला फोन जिज्ञासाने पर्समध्ये टाकला, पर्सची चेन लावली, आणि पर्स अंगापासून लांब धरून उभी राहिली.

सहा तास त्यांना एका पांढऱ्या खोलीत बसवून ठेवलं. प्रत्येकाला वेगळं विचारलं. महिपती सोडून वीस जणांनी आपापल्या तऱ्हेने तिचं लुगडं सांगितलं, आणि सगळ्यांचं जुळलं. मग कुणीतरी वरून फोन केला आणि सोडलं.

महिपती आता हळू चालतो. बाजारातून येताना दर दहा पावलांनी थांबतो आणि मागे वळून बघतो. मागे रिक्षा असते, कुत्री असतात. पोरं हसतात. तो उभा राहतो, वाट बघतो, आणि मग पुढची दहा.

आता कबूल करतो. ते सहा तास आणि ती पांढरी खोली मी पदरची घातली, गोष्टीला जरा वजन यावं म्हणून. कुणी कुणाला अडवलं नाही. अधिकाऱ्याने भूपेशच्या हातून कागद घेतला, बोट नावांवरून खाली आणलं, चौदावर थांबलं, आणि त्याने नुसती मान डोलावली. चौदा नंबरासमोर देशाबाहेर पडल्याचा शिक्का आधीच पडलेला होता. आदल्या दिवसाचा. शांघायचा नव्हे, दुसऱ्या कुठल्या तरी नाक्याचा. नाव भूपेशला वाचता आलं नाही.

आणि कागद आदल्या दिवशी भूपेशच्या कमरेच्या थैलीत होता, चेन लावून.