रांग भरून राहिली

“रंग चुकलेत.”

अकोल्याहून अमरावतीला निघालेल्या एसटीत, मूर्तिजापूर मागे पडल्यावर, शेजारच्या सीटवरून हा निकाल लागला. मी मांडीवरचा लॅपटॉप तिरका धरला आणि मान वळवली. चष्मा, चॉकलेटी स्वेटर आणि चेहऱ्यावर असा भाव, जसं काही मीच त्याला विचारायला गेले होते!

“कशाचे रंग?”

“या चित्राचे. हार्ड डिस्क आहेत ना या?”

आता मात्र मी चकित झाले. अकोल्याच्या माझ्या ताईला ते चित्र विणकामाचा नमुना वाटलं होतं, आणि या अनोळखी माणसानं पहिल्या नजरेत ओळखलं!

चित्र माझंच होतं. मोठ्या डेटा सेंटरमध्ये हजारो हार्ड डिस्क असतात. आपण मोबाइलवर काढलेले फोटो, व्हिडिओ, सगळं जाऊन बसतं ते त्यांच्यात. कोणती किती भरली, हे माणसाच्या नजरेत मावणार कसं? म्हणून एक डिस्क म्हणजे एक चौकोन, चौकोनांच्या रांगा, आणि खाली एक पट्टी. पट्टीवर बोट सरकवलं की महिने पुढेमागे जातात आणि रांगा रंग बदलतात. रिकामी डिस्क काळी, निम्मी भरली की हिरवी, पूर्ण भरली की पांढरी.

“भरलेली डिस्क लाल दाखवतात,” तो म्हणाला. “सगळीकडे. लाल म्हणजे धोका.”

“काहून? भरलं की धोका काहून?”

“कारण मग जागा उरत नाही.”

“आमच्या चांदूर बाजारला शेत पांढरं झालं की बाबा जेवताना गाणं म्हणतात. काळी माती, हिरवी कपाशी, पांढरा कापूस. माझं चित्र, माझे रंग!”

तो हसला. खिडकीतून आलेलं कोवळं ऊन त्याच्या चष्म्यावर पडलं होतं... आणि मी उगाचच बाहेर बघायला लागले.

“काहून,” तो हळूच पुटपुटला. “छान शब्द आहे.”

राजापेठला उतरून मी तरातरा ऑफिस गाठलं. अर्ध्या तासानं आमचे देवानंद सर एका माणसाला घेऊन माझ्या टेबलाशी आले. “प्रणाली, हे शिवम. पुण्याच्या डेटा सेंटरचे. आपलं चित्र त्यांच्यासाठीच चाललंय. आठवडाभर तुझ्यासोबत बसतील.”

चॉकलेटी स्वेटर! मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

“आमची ओळख झाली आहे,” शिवम म्हणाला. “माझे रंग चुकलेत.”

तो आठवडा भुर्रकन उडाला. ऑफिसात मी पुस्तकी मराठी बोलायचे, पाहुण्यांसमोर ठेवणीतल्या कपबशा काढतात तशी. माझी वऱ्हाडी बाहेर पडते ती एकतर रागात, नाहीतर जीव घाबरा झाला की. शिवमला गिला वडा खायला नेलं, तेव्हा ठेच्यानं त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, तरी “तिखट नाहीये” म्हणत पठ्ठ्यानं प्लेट संपवली. दुसऱ्या दिवशी आमचं तुम्हीचं तू कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

एकदा पट्टी सरकवता सरकवता त्याचं बोट माझ्या बोटाला लागलं. दोघांनीही हात काढून घेतला नाही. मग दोघांनीही एकदमच काढला.

“ही बघ,” तो घाईघाईनं म्हणाला, “ही हिरवी, निम्मी भरलेली डिस्क. भरत चाललीय की रिकामी होतेय, की नुसती तशीच पडून आहे? एका दिवसाच्या चित्रात कळतच नाही. काळ सरकवला, तरच कळतं.”

त्या एका वाक्यावर मी भाळले. हो, सरळच सांगते. कोणी डोळ्यांवर भाळतं, कोणी आवाजावर. मी याच्यावर भाळले! आणि निघायच्या दिवशी देवानंद सरांसमोर तो म्हणाला, “रंग बदलू नका, सर. पांढरंच राहू दे.”

मी त्याला सोडायला बडनेरा स्टेशनवर गेले. निमित्त काय, तर ऑफिसची फाइल द्यायची होती. सकाळीच आईचा फोन आला होता: चांदूर रेल्वे गावचं स्थळ आलंय, मुलगा चांगला आहे, बोलणी सुरू आहेत.

गाडी लागली. शिवम पायरीवर उभा राहून म्हणाला, “पुढच्या महिन्यात तू पुण्याला ये ना... म्हणजे, कामासाठी.”

जीव घाबरा झाला आणि माझी भाषा घरी पळाली. “काय माईत. घरी माह्यं लग्न जमून राहिलं.”

मला वाटलं, तो म्हणेल... काहीतरी म्हणेल. ‘नको जमू देऊ’ एवढं म्हणाला असता, तरी मी गाडीबरोबर धावले असते.

त्याचा चेहरा पडला. “अभिनंदन,” तो म्हणाला. गाडी सुटली.

अभिनंदन! मी काय बारावी पास झाले होते?

त्यानंतर फोन फक्त कामाचे. ‘प्रणाली’ची ‘प्रणाली मॅडम’ झाली. मीही ताठच राहिले. इकडे चांदूर रेल्वेचे लोक रविवारी सुपारी फोडायला येणार, असं ठरत आलं. बाबांनी फोनवर विचारलं, “पोरी, तुह्या मनात काही असन त आताच सांग. मंग मले तोंडघशी पाडू नोको.” मी काय सांगणार? की मनात एक माणूस आहे, आणि तो अभिनंदन म्हणतो?

गुरुवारी चित्रात दिसलं की पुण्याची चौथी रांग भराभर हिरवी होत, पांढरी व्हायला लागलीय. मी रागातच फोन लावला. “चौथी रांग भरून राहिली. लक्ष द्या.” आणि ठेवून दिला.

शुक्रवारी चित्र उघडलं, तर भलतंच! चौथी रांग जिथल्या तिथे थिजली होती, निम्मी हिरवी, निम्मी पांढरी. आणि शेजारच्या तिसरी-पाचवीवर सगळा भार पडून त्या बघता बघता पांढऱ्याफटक होत होत्या. मी पट्टी मागे-पुढे केली. कालच्या माझ्या फोनपासूनच चौथीत काही गेलं नव्हतं. मी पुन्हा शिवमला फोन लावला.

“चौथी बंद काहून केली तुम्ही?”

“तुम्हीच म्हणालात ना, मॅडम? भरून राहिली.”

“मंग?”

“मग काय? भरली आणि तशी राहिली. भरलेल्या रांगेत आणखी कसं टाकणार?”

“अरे देवा! भरली म्हटलं का मी? भरून राहिली म्हटलं! भरून राहिली म्हणजे... भरत आहे. अजून भरली नाही!”

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

“प्रणाली...” मॅडम गळून पडलं होतं. “जमून राहिलं म्हणजे?”

माझ्या हातातला पेन खाली पडला.

“म्हणजे... जमून राहिलं,” मी म्हणाले. “जमलं नाही.”

“मला वाटलं, जमलं. जमून, राहिलं. मी बडनेऱ्यापासून पुण्यापर्यंत जागा होतो, प्रणाली. आणि तेव्हापासून धड जेवलोही नाही.”

“म्हणून अभिनंदन?”

“दुसरं काय म्हणणार होतो? तुझ्या सुखाच्या आड येऊ?”

वेडाच होता तो. आणि मी तरी काय शहाणी? एका शब्दापायी माझा रविवार चांदूर रेल्वेच्या नावावर चालला होता.

“अजून किती... भरायचंय?” त्यानं विचारलं.

“रविवारी भरते.”

“मी येतो.”

“कधी?”

तो अडखळला. मग फार जपून, परीक्षेला बसल्यासारखा म्हणाला, “येऊन... राहिलो.”

फोन ठेवला आणि लगेच बाबांना लावला. “बाबा, रविवारचं थांबवा. माह्या मनात हाय एक जण. त्यायनं मले अजून विचारलं नाही, पण मी थांबून राहिली.” बाबा म्हणाले, “आजच सांगतलं, बरं केलं. त्याले म्हणावं, वेचणी चालू हाय, वावरातच ये.”

रविवारी सकाळी तो आला. चॉकलेटी स्वेटर, बुटांना काळी माती, आणि समोर दूरवर पांढरं झालेलं आमचं वावर. तो धुऱ्यावर, शेताच्या बांधावरच थबकला.

“हे तर तुझं चित्र आहे,” तो म्हणाला. “यात लाल कसं शोभलं असतं?”

आईनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “हाच का तो पुण्याचा पोट्टा? आलाच हायेस त बांध हे कमरेले.” आणि कापूस वेचून टाकायचा जुना दुपट्टा त्याच्या हातात दिला.

त्याला गाठ मारता येईना. मीच बांधून दिली. त्याचा श्वास माझ्या केसांशी अडकला होता.

“तिकडे आम्ही म्हणतो, मी प्रेम करतो,” तो हळूच म्हणाला. “पण ते रोज चहा पितो म्हटल्यासारखं वाटतं. मला तुमचं हवंय...” त्यानं चष्मा सारखा केला. “मी तुह्यावर प्रेम करून राहिलो. त्या एसटीपासून. बरोबर आहे का?”

डोळे भरून आले होते, तरी मला खोडी काढायचीच होती. “आमच्याकडे त्याचा अर्थ, अजून चालू आहे. तुमच्या पुण्यात काय होतो?”

“करून... तिथंच राहिलो.”

“मंग दोन्ही,” मी म्हणाले. “मी बी.”

मागून आईची हाक आली, “अवं, वेचून राहिले का नुसते बोलून राहिले?”

शिवमनं माझा हात घट्ट धरला आणि अख्ख्या वावराला ऐकू जाईल असं ओरडला, “बोलून राहिलो, आई!”

दोन तासांनी सावलीत जेवायला बसलो, तेव्हा भाकरी वाढता वाढता बाबा गाणं म्हणत होते.