बाद झालेल्यांची जागा

बसा. दिवा जरा इकडे ओढून घ्या, तुमचा चेहरा दिसू द्या. हल्ली समोर कोण बसलंय याची खात्री करून घेतल्याशिवाय मी बोलायला सुरुवात करत नाही.

गोष्ट मागच्या हिवाळ्यातली. निवृत्त कारकुनाला कॉलेज एकदाच आठवण काढून बोलावतं, मूल्यांकन समिती यायची असते तेव्हा. प्राचार्यांचा फोन आला की अप्पा, क्रीडा विभाग आणि विद्यार्थी मंडळं तेवढी तुम्ही बघा. मन्मथ हे माझं नाव पगाराच्या कागदापुरतं होतं. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत आणि पोरापोरींपर्यंत सगळे मला अप्पाच म्हणत. परळीच्या अलीकडे रस्त्याला लागून आमचं पदवी आणि पदव्युत्तर कॉलेज. कामही साधंच होतं: जे नाही ते आहे असं दिसलं पाहिजे.

मंडळं भरपूर होती. छायाचित्र मंडळाकडे कॅमेरा सोडून सगळं होतं. गिर्यारोहण मंडळाने आजवर जिल्हा कचेरीचा जिना चढला होता, तोही शिष्यवृत्तीच्या चौकशीसाठी. करमणूक कक्षात कॅरमचा बोर्ड ठेवला. त्यातली राणी हरवलेली, म्हणून सूनबाईंच्या ब्लाउजचं लाल बटण नेऊन ठेवलं. व्यायामशाळेतल्या धावण्याच्या यंत्रावरचं प्लास्टिक प्राचार्यांनी काढू दिलं नाही, मळेल म्हणाले.

खरी गोष्ट एकच होती, कबड्डी. आमच्या मुलींचा संघ विद्यापीठात नाव राखून होता आणि माझी नात शिवानी त्या संघात चढाईला जायची. मुलाची मुलगी, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. घरी पाण्याचा तांब्या उचलायला सांगितला तर कंबर दुखते म्हणणारी पोर मॅटवर उतरली की चारचौघींना अंगावर घेऊन रेघेपर्यंत ओढत आणायची.

हा खेळ आमच्या बंदिस्त क्रीडागृहात चाले. पत्र्याचं उंच छत, वर जाळीचे झरोके, खिडकी एकही नाही. कबड्डीत बाद झालेला खेळाडू मॅटच्या मागे ओळीत जाऊन बसतो, हे तुम्हाला माहीत असेल. समोरचं कुणी बाद झालं की ओळीतली पहिली उठून आत येते. जी आधी बाद झाली ती आधी आत. आमच्या क्रीडागृहात ही ओळ भिंतीला लागून आखलेली होती. आणि तिथली पहिली जागा मुली रिकामी सोडत.

त्याला कारण होतं. तीन वर्षांपूर्वी, भर उन्हाळ्यात, गंगासागर नावाची मुलगी सरावात बाद होऊन त्या जागेवर भिंतीला टेकून बसली. तिच्या संघाने गुण घेतला, सगळ्यांनी तिला आत बोलावलं. ती उठली नाही. पत्र्याखालच्या उकाड्यात बसल्या बसल्याच गेली होती. मुलींनी तिला उचलून ऑफिससमोरच्या ओट्यावर आणलं तेव्हा मी तिचा हात धरला होता. बाहेर डांबर वितळत होतं, आणि तो हात माठासारखा गार होता.

तेव्हापासून बाद झालेली मुलगी दुसऱ्या जागेपासून बसे. कुणी तसं सांगितलं नव्हतं. आमचे क्रीडाशिक्षक बंकट सर आधी चिडले, मग तेही त्या जागेवरून पाय टाकेनासे झाले.

तर समितीचा दिवस. समिती दुपारी क्रीडागृह बघणार होती. जेवणं झाली आणि पाहुण्यांना वैजनाथाच्या दर्शनाची इच्छा झाली. ती प्रत्येक समितीला होते. प्राचार्य त्यांच्याबरोबर गेले आणि जाताना बंकट सरांना बजावून गेले की आम्ही कोणत्याही क्षणी परत येऊ, आत पाऊल टाकू तेव्हा सामना रंगात आलेला दिसला पाहिजे, तोवर खेळ थांबवायचा नाही. लाल आणि पिवळा असे आमच्याच मुलींचे दोन संघ केले होते. शिवानी लाल संघात. मी लाल संघाच्या मागे, भिंतीजवळ खुर्ची टाकून बसलो.

दुपार कलली. मुली खेळत होत्या. फोनवर प्राचार्य म्हणत होते, निघालोच. झरोक्यातला उजेड राखाडी होत गेला. आमच्याकडे वीज केंद्राची राख हवेतच असते, त्यामुळे संध्याकाळ तशी नेहमीच मळकी. पोरी दमल्या, चिडल्या, हसणं बंद झालं. नुसते पाय मॅटवर घासल्याचे आवाज, आणि चढाईला जाणारीचा तो एका दमातला जप. कबड्डी, कबड्डी, कबड्डी...

आणि लाइट गेली. ज्या गावावरून विजेच्या तारा साऱ्या महाराष्ट्राला जातात, त्या गावात ती जायचीच.

मला वाटलं, आता तरी थांबतील. पण बंकट सर अंधारातून म्हणाले, “खेळत ऱ्हावा पोरींनो. गाडी फाटकापाशी आलीय म्हणं. अंधारात बी सराव चाललाय, हे बघून साहेब लई खूश हुतील.”

मॅट मोठं, उजेड नाही. माणसांऐवजी हलणारे गडद ठिपके दिसत होते. रबराचा, घामाचा वास कोंडला होता. आणि त्यात हळूच दुसरा एक वास मिसळला. तापलेल्या पत्र्याचा. डिसेंबर महिना होता, अंगावर स्वेटर होता, आणि वैशाखात पत्रा तापतो तसा वास नाकात शिरत होता.

माझ्या उजव्या हाताला कुणीतरी श्वास घेतला.

मी मोबाइलचा दिवा लावला. पहिल्या जागेवर एक मुलगी बसली होती. अंगात लाल बनियन, पाय पोटाशी, डोकं गुडघ्यांवर, वेणी पुढे आलेली. लाल संघात एवढी जाड वेणी एकीचीच.

“शिवानी,” मी म्हणालो, “तिथं कावून बसलीस? सरक पलीकडं.”

ती हलली नाही. मी खांद्याला हात लावला आणि तसाच मागे घेतला. मग पुन्हा लावला, कारण ती माझी नात होती. खांदा माठासारखा गार होता.

“अप्पा...” आवाज अगदी बारीक, घशात अडकल्यासारखा. “मला आत घ्या...”

मोबाइल खिशात टाकून मी तिच्या काखेत हात घातले. सिमेंटची पोती उचलली आहेत मी तरुणपणी. ती पोर जमिनीतून उगवल्यासारखी तिथं रुतली होती. बंकट सरांना हाक मारायला तोंड उघडलं, तर ओठांतून हवा तेवढी बाहेर पडली. तिकडे सरांचा फोन वाजला. दोन शब्द ऐकून ते म्हणाले, समिती परस्पर लॉजवर गेली, संपवा आता. शिट्टी गळ्यातून काढल्याचा आवाज मी ऐकला.

तिनेही ऐकला असावा. माझं मनगट धरलं.

“सामना मोडला तर... मी हितंच ऱ्हाईन, अप्पा.”

“उठ ना मग, बाळा.”

“अशी न्हाई उठता येत... समोरचं कुणीतरी बाद व्हावं लागतं...”

माणूस चाळीस वर्षं नियमांवर जगला की त्याला नियम चटकन कळतो. लाल संघाची चढाई चालू होती. अंधारात तो जप पिवळ्यांच्या बाजूला फिरत होता. चढाईवालीने एखादीला शिवलं, तर लाल संघातली एक बाहेरून आत यायची. पण पिवळ्या मुली कोपऱ्यात दबा धरून होत्या, कुणी हाताला लागत नव्हतं. आणि शिट्टी सरांच्या ओठांशी होती.

मी चपला घालूनच मॅटवर गेलो. मधली रेघ ओलांडून पिवळ्यांच्या बाजूला उभा राहिलो. माझं नाव कुठल्या संघात नव्हतं, तो आक्षेप नंतर कुणी घेतला असता तर लेखी उत्तर दिलं असतं. जप माझ्याकडे वळला. जवळ आला. एक हात माझ्या छातीवर आपटला. गरम, घामाने चिंब हात.

“मी बाद!” मी ओरडलो. “आमचा एक बाद! लालवाल्यांनी आपली पोर आत घ्या!”

मागे भिंतीपाशी कुणीतरी उठलं. कपड्यांची सळसळ मला स्पष्ट ऐकू आली. मग मॅटवर अनवाणी पावलं आली आणि माझ्या शेजारून पुढे गेली. तापलेल्या पत्र्याची झळ गालाला लागली आणि विरली.

सरांची शिट्टी वाजली. जनरेटर सुरू झाला. मुली डोळे चोळत उभ्या होत्या. त्यांच्यात शिवानी होती, लालबुंद, घामाने निथळणारी, आपल्या दोन पायांवर. मी तिच्या हाताला हात लावून पाहिलं. ऊब होती. भिंतीजवळची जागा रिकामी होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी धुळीवर ढकललं.

कॉलेजच्या जीपने आम्हाला घरी सोडलं. वाटेत पोरी एकमेकींच्या अंगावर पेंगत होत्या.

रात्री जेवायला बसलो. शिवानी भाकरी कुस्करत होती. मी वरण वाढायला लावलं, तूप घालायला लावलं. ती माझ्याकडे बघत राहिली.

“अप्पा, येक इचारू? तुमी मधीच मॅटवर कावून आलते?”

मी म्हणालो, तू उठत नव्हतीस म्हणून.

“मी?” तिचा घास हातातच राहिला. “मी तर चढाईत व्हते. माझाच हात लागला की तुमच्या छातीला.”

मी ताटाकडे पाहत विचारलं की मग भिंतीपाशी बसली होती ती कोण.

“आमच्यातलं कुणी बादच न्हवतं, अप्पा,” ती म्हणाली. “लाइट गेली तवा आमी समद्या आत व्हतो.”

स्वयंपाकघरात तवा चुलीवरून उतरल्याचा आवाज आला. सूनबाई भाकरीची टोपली घेऊन दारात आल्या, आमच्याकडे पाहून थोड्या घुश्श्यातच शिवानीला म्हणाल्या,

“आन तुज्या मैत्रिणीला जेवाया कोन बोलावनार? तुज्यामागं घरात आली तवापास्नं आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसलीय. दोनदा इचारलं, बोलंना बी.”