पाय नसलेले पक्षी

भर उन्हात, कोरड्या ठणठणीत रस्त्यावरून एक तरुण छत्री उघडून चालला होता... आणि त्या छत्रीवर तिचे पक्षी उडत होते.

चित्रकारीण जागीच थिजली. तिचं काळीज असं धडधडलं, की शेजारचा गिरणीवाला म्हणे आपली गिरणी चालू राहिली की काय ते बघून आला. हे पक्षी तिने कागदावर काढून छत्रीच्या कारखान्यात दाखवायला दिले होते. 'बरे नाहीत' एवढाच निरोप आला. कागद काही परत आला नाही.

"ही छत्री... कुठली?"

"कारखान्याची. मी तिथला रंगारी. उन्हात रंग उडतो का बघतोय." तिच्याकडे पाहून त्याचा आवाज खाली आला. "तुमचा मात्र उडालाय."

पक्षी आपले आहेत, हे तिने कसंबसं सांगितलं. त्याने मान वर करून छत्रीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "यांना पाय का नाहीत?"

"मला काढता येत नाहीत. म्हणून सगळे उडतेच."

तो हसला. ती हसली नाही. पण घरी पोचेपर्यंत तिचे कान गरम होते.

तिने तक्रार केली, तर कारखान्याच्या मालकांनी तिच्यावरच उलट दावा ठोकला. चित्र कारखान्यातच तयार झालं, हिनेच चोरलं! दावा हरली, तर स्वतःचे पक्षी पुन्हा काढण्याचीही तिला बंदी. दारावरची बेल वाजली, की कोर्टाचा माणूस आला समजून तिची आत्या भर दुपारी दिवा मालवून बसायची. आणि साक्षीदार म्हणून मालकांनी नेमकं रंगाऱ्यालाच उभं केलं. खरं बोलला, तर नोकरी गेलीच.

तरी तो लपतछपत तिच्या घरी यायचा. "ज्याच्या हातात तुझी मान," आत्या फणकारली, "त्यालाच बिस्किटं?" तो साक्षीत काय सांगणार, हे चित्रकारिणीने त्याला कधी विचारलं नाही. विचारलं असतं, तर आजवरचं सगळं हसणं लाच वाटलं असतं... आणि तो नजर चुकवेल, ही भीती होतीच.

सुनावणीला मालकांच्या वकिलांनी त्याला विचारलं, चित्र कारखान्यातच तयार झालं ना? अशी शांतता पसरली, की पंखासुद्धा ओशाळून हळू फिरू लागला. रंगाऱ्याची निळी बोटं रुमाल पिळत होती.

"नाही. बाहेरून आलं होतं. कोपऱ्यातली सही मालकांनी माझ्याकडूनच झाकून घेतली." त्याने न्यायाधीशांकडे पाहिलं. "पण त्या सहीवर जाड रंग लावायला हात धजेना. इतकी लाजरी सही... वाटलं, ही करणारीला एकदा बघावं. म्हणून पातळच लावला. कागद उजेडात धरा, साहेब."

न्यायाधीशांनी मूळ कागद खिडकीशी धरला. रंगाखालून तिचं नाव वर आलं.

निकाल तिच्या बाजूने लागला. बाहेर पायऱ्यांवर तो, बिनानोकरीचा, खाली मान घालून उभा होता.

"सही तुम्हीच झाकली, हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही मला दार उघडलं नसतं—"

"नसतंच उघडलं." ती एक पायरी खाली उतरली. "यापुढे असं लपतछपत घरी येऊ नका."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"दिवसाउजेडी या. आत्याला काही विचारायचं असेल, तर ते... सगळ्यांदेखत विचारतात."

त्याने चाचपडत तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला नाही.